साडेपाच तास पुढचं घड्याळ

माझा लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, दोन सिस्टिमींची नावं. वर लिनक्स, खाली ती दुसरी, विकतची. बाण वर-खाली करायचा आणि एंटर दाबायचं. त्याला दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात काही दाबलं नाही तर यंत्र आपलं आपण वरची उचलतं. वरची जागा लिनक्सची आहे आणि ती तिथंच राहणार, हे आधीच सांगून टाकते. ती काढून टाका म्हणणारे मला पुष्कळ भेटलेत. गेल्या सप्त्याच्या वेळी तर भर देवळात भेटले.

आमचं गाव वडिवळ्याच्या धरणाच्या अंगाला. भाताची शेती. मी सातवी शिकलेली, आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात माझी बरीच वर्षं गेली. एकदा त्याच शाळेत मास्तर लोकांसाठी संगणकाचं शिबिर होतं. मी चहाची किटली घेऊन गेले आणि दारातच खिळले. तळेगावहून आलेले एक सर सांगत होते, ही लिनक्स सिस्टीम फुकट आहे, पण नुसती फुकट नाही, उघडी आहे. आत काय आहे ते कुणीही बघावं, बदलावं, पुढं दुसऱ्याला द्यावं. मास्तर लोक चहाची वाट बघत होते. मी विचार करत होते, हे तर आपल्या बियाण्यासारखं झालं! इंद्रायणीचं चांगलं बी एखादीकडं असलं की आम्ही पायली घेऊन तिच्या दारात जातो, आणि ती देते. तिचं काही कमी होत नाही. कंपनीच्या पिशवीतलं बी मात्र दर साली विकतच आणावं लागतं. शिबिर सुटल्यावर मी त्या सरांना गाठलं. म्हटलं, "सर, मला मिळंल का ते?" त्यांनी विचारलं नाही की मावशी तुम्हाला कशाला. सरळ एक पेनड्राइव्ह काढून हातात दिला. माणूस मोठा!

लॅपटॉप आला तो पुतण्याकडून. तो हिंजवडीला कंपनीत आहे, माझा लाडका आहे, आणि मला अडाणी समजतो.

"काकी, ह्याच्यावर नवी आवृत्ती चढत नाही. ते म्हणतात मशीन जुनं झालं. भंगारात देतो."

"ते म्हंजी कोन?"

"सिस्टीमवाले, काकी."

"यंत्र तुजं का त्येंचं?"

"माझं."

"मग त्येंनी कसं ठरवलं जुनं झालं म्हनून? माझ्या पाट्याला साठ वर्षं झाली. त्यो अजून मसाला वाटतोय."

तो हसला आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून गेला.

मग मी शिकले. कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघायचं, वहीत लिहायचं, चुकायचं, परत बघायचं. सगळ्यात अवघड काम होतं वाटणीचं. एकाच डिस्कमध्ये दोन सिस्टिमी नांदवायच्या तर आधी डिस्कची वाटणी करावी लागते. इकडचा भाग तिचा, तिकडचा हिचा, आणि मध्ये दोघींना उघडता येईल असं सामाईक कपाट. आमच्या घराण्यात वाटण्यांवरून काय काय झालंय ते मी बघितलंय, त्यामुळं एकेक आकडा वहीशी ताडून बघत होते. दोनदा फसले. तिसऱ्या खेपेला त्या दोन ओळी पडद्यावर आल्या आणि मी एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले.

पुतण्या म्हणाला, "काकी, एका म्यानात दोन तलवारी कशाला?"

मी म्हटलं, "तलवारी न्हाईत रं बाबा, चुली हाईत. एका घरात दोन चुली कधी बघितल्या न्हाईस व्हय? आपल्याच घरात हाईत की."

विकतची मी का ठेवली, तेही सांगते. माझा जुना प्रिंटर फक्त तिचंच ऐकतो. लिनक्सशी त्याचं जमता जमेना, मी महिनाभर झटापट केली. एवढ्यासाठी चांगला प्रिंटर टाकून द्यायचा? मी काही टाकून देणारी बाई नाही. लिहिणं, हिशेब, फोटो, गाणी सगळं लिनक्सवर, आणि छापायची वेळ आली की यंत्र बंद करून विकतच्या चुलीवर जायचं. लिहायचं सॉफ्टवेअर मी दोन्हीकडं एकच टाकलंय, तेही उघडंच. फायली सामाईक कपाटात ठेवायच्या. छान चाललं होतं.

एक खोड मात्र होती. घरात नेट नसलं की लिनक्सचं घड्याळ पुढं पळायचं. सकाळी दहा वाजता दुपारचे साडेतीन दाखवायचं. नेट आलं की आपोआप ताळ्यावर यायचं. मी म्हणायचे, वेळ बघायला भिंतीवर घड्याळ आहे की. माझा आळस तो. त्याची शिक्षा दुसरीला झाली.

ती दुसरी म्हणजे माझी चुलत जाऊ, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. चौदा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा तिचं पोर मांडीवर होतं. तेव्हापासून तिची चूल वेगळी, वावर वेगळं. चिखलणी, लावणी, कापणी, झोडपणी सगळं तिच्या अंगावर. आमच्या गावच्या सप्त्यात चौथ्या दिवशीचं सकाळचं अन्नदान तिच्या घरचं असतं, नव्या तांदळाचं. पण सप्त्याची पत्रिका छापतात ना, वरती देवाचा फोटो, खाली कीर्तनकार आणि मग दिवसवार अन्नदात्यांची नावं, त्यात तिच्या दिवसापुढं नाव छापून यायचं तिच्या मोठ्या दिराचं. तांदूळ तिचा, घाम तिचा, आणि नाव त्याचं. त्या दिराचाच मुलगा हा माझा पुतण्या.

पत्रिकेतल्या नावांवरून आमच्याकडं काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. कुणाचं नाव वर आलं, कुणाचं खाली गेलं, यावरून भाऊ भावाशी वर्षभर बोलत नाहीत. म्हणून दर साली जुनीच पत्रिका पुढं ठेवायची आणि फक्त तारखा आणि कीर्तनकार बदलायचे. नावांना हात लावायचा नाही, अशी रीत.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून पत्रिका टाइप करायचं काम माझ्याकडं आलंय. गेल्या सप्त्याच्या आधी जाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसली. माझ्याबरोबर मेथी निवडायला लागली आणि म्हणाली, "आक्का, एक इचारू? पत्रिका माझ्या माहेरी जाती. इंदुरीला, चौकात लावत्यात. माझा भाऊ दर साली वाचतो आन मला म्हनतो, तू काय दिलंस गं सप्त्याला? तुजं तर कुटंच न्हाई. मी काय सांगू त्येला?"

मी म्हटलं, "सांगू नको. त्यो वाचंल ह्या साली."

पत्रिका नक्की करायला सप्ता कमिटी बसते ती माझ्या ओट्यावर, कारण यंत्र माझ्याकडं. त्या दिवशी सकाळी मी आदल्या सालची पत्रिका घेऊन लिनक्सवर तारखा बदलल्या आणि प्रेसला द्यायची फाईल तयार केली. नाव अजून दिराचंच ठेवलं. म्हटलं, चोरून बदलायचं नाही, सगळ्यांच्या तोंडावर बदलायचं. रस्त्याच्या कामात केबल तुटून चार दिवस नेट बंद होतं. मग यंत्र विकतच्या चुलीवर नेलं, प्रिंट काढली आणि कमिटीपुढं ठेवली.

"चौथ्या दिवसाचं नाव बदलायचंय," मी म्हटलं.

दीर लगेच ताठ झाले. "वहिनी, घरान्याचं नाव हाय त्ये. एका बाईचं न्हाई."

"भावजी, घरान्याच्या नावानं तुमी किती पायल्या तांदूळ घातला आजवर?"

"तांदळाचा प्रश्न न्हाई. रीत हाय."

"रीत तर चूल येगळी करायची बी हाय. चूल येगळी केलीत तवा रीत म्हनून केलीत. मग नाव एकत्र कसं?"

आमच्यात सगळ्यात थोरले आबा, नव्वदीला टेकलेले, आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "भात कुनाचा?"

"तिचा," मी म्हटलं.

"मग नाव कुनाचं? घाला तिचं."

संपलं. आबा बोलले की आमच्याकडं कुणी पुढं बोलत नाही. मी तिथंच सगळ्यांदेखत नाव बदललं, श्रीमती लावून तिचं नाव घातलं, प्रेससाठी दुसरी फाईल केली. पहिलीचं नाव होतं 'पत्रिका अंतिम'. दुसरीचं ठेवलं 'पत्रिका पक्की अंतिम'. हसा, हसा. तुमच्याही यंत्रात अशा चार निघतील.

दोन्ही फायली पेनड्राइव्हवर घेऊन मी कामशेतहून टमटमनं लोणावळ्याला गेले. प्रेसमधल्या मुलीच्या हातात दोन वाजता पेनड्राइव्ह दिला. ती गिऱ्हाइकांच्या गर्दीत होती. मी म्हटलं, "बाई, दोन फायली हाईत. जी सगळ्यात शेवटची केलेली, तीच छाप. वेळ बघून घे." आणि सुटले. माझ्या डोक्यात तिचा भाऊ इंदुरीच्या चौकात पत्रिका वाचत होता.

तिसऱ्या दिवशी गठ्ठे आले. गठ्ठे फोडून पोरांनी गाड्या काढल्या आणि सोमाटणे, कामशेत, इंदुरी सगळीकडं चिकटवून आले. मला पत्रिका दिसली ती देवळाच्या भिंतीवर. चौथा दिवस, सकाळ, श्री. अमुक अमुक. दिराचं नाव.

ते तिथंच उभे होते. मिशीत हसत. "वहिनी, बघा. तुमच्या त्या फुकटच्या सिस्टीमला बी खरं काय ते कळतं."

मागून दुसरा म्हणाला, "म्हनून म्हनतो, फुकटाचं घ्यू नये. काडून टाका त्ये लिनक्स का फिनक्स. एकच चांगलं विकतचं ठेवा."

"काडणार न्हाई," मी म्हटलं. "चूक कुनाची त्ये अजून बघायचंय. माजी निगाली तर मी मान्य करीन. पर न बघता कुनाला घराभाईर काडायचं, ही सवय तुमची. माजी न्हाई."

तोंडानं बोलले खरी, पण तेवढ्यात मान वळवली. जाऊ देवळाच्या पायरीवर उभी होती. तिनं वाचलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, तुज्याकडं दोन-दोन सिस्टिमी. आन माजं नाव एकीत बी न्हाई."

आणि गेली. दुपारी दार लावून बसली. मी हाक मारली तर आतून म्हणाली, "डोकं दुखतंय." तिला वाटलं, मीच दिराला भिऊन मागं सरले. हे मला फार लागलं. चुकीचं नाव छापलं गेलं ते एक वेळ चालेल, पण मी भिऊन गप्प बसले असं तिला वाटावं?

मी प्रेसला फोन केला. ती मुलगी बिचारी घाबरली. "मावशी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शेवटची वेळ बघितली. एक बारा चाळीसची होती, एक तीन पस्तीसची. तीन पस्तीसची घेतली."

"तीन पस्तीस? दुपारचे?"

"हो, दुपारचेच."

"अगं बाई, पेनड्राइव्ह मी तुला दोनला दिला!"

जी वेळ अजून उगवलीच नव्हती, त्या वेळेला केलेली फाईल. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी दहाला लिनक्सवर केलेली ती पहिली फाईल. नेट नव्हतं, घड्याळ साडेपाच तास पुढं. दुसरी केली विकतच्या चुलीवर, तिचं घड्याळ बरोबर. म्हणून जुनी झाली नवी आणि नवी झाली जुनी. आणि वेळ बघून घे म्हणून सांगणारी मीच.

पुतण्याला कळवलं, तर तो म्हणाला, "काकी, आता तरी ते काढ. मी सुटीला येतो आणि सगळं साफ करून देतो."

"तू ये, जेव, जा. यंत्राला हात लावू नको."

नेट परत आलं तसं मी लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला. माझं इंग्रजी म्हणजे मोबाईलला मराठीत सांगायचं आणि तो जे देईल ते चिकटवायचं. कुठल्या देशातला कोण माणूस, बाई की बुवा, देव जाणे. त्यानं मला वय विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. कुठली आवृत्ती आहे, एवढंच विचारलं, आणि मग समजावून सांगितलं. यंत्राच्या पोटात एक बारकं घड्याळ असतं, सेलवर चालणारं. विकतची सिस्टीम त्यात इथली, गावची वेळ लिहिते. लिनक्स समजते की त्यात विलायतेची वेळ आहे, म्हणून स्वतः साडेपाच तास मिळवते. दोघी आपापल्या जागी शहाण्या. एकमेकींना विचारत नाहीत, एवढंच. त्यानं एक ओळ दिली आणि म्हणाला ही आज्ञा दे, म्हणजे लिनक्सही गावचीच वेळ धरेल. मी ती ओळ दोनदा वाचली, टाइप केली, एंटर मारला. नेटची वायर उपसून यंत्र दोन्ही चुलींवर चालू करून बघितलं. भिंतीवर अकरा दहा, इकडं अकरा दहा, तिकडं अकरा दहा.

एका ओळीचं काम. ते मी सहा महिने टाळलं होतं. दोष लिनक्सचा नाही, विकतचीचा नाही, प्रेसच्या मुलीचा नाही. माझा. पण ज्याचा दोष त्यानंच निस्तरायचं. म्हणून मी लिनक्सवर तिचं नाव मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, पानभर पट्ट्या केल्या, विकतच्या चुलीवर जाऊन छापल्या, कात्रीनं कापल्या. आणि तिच्या दारात जाऊन बसले.

"ए, दार उघड. भात घाल शिजायला."

"कशाला?"

"खळ करायचीय. तुज्याच तांदळाची."

तिनं दार उघडलं. मी घड्याळाची सगळी हकीकत सांगितली. चूक माझी, हेही सांगितलं. तिला संगणकातलं काही कळत नाही. पण साडेपाच तास पुढचं ऐकल्यावर ती तोंडावर पदर धरून हसायला लागली. "म्हंजी तुज्या यंत्राला सांजंचा चा सकाळीच पायजे व्हय गं?"

मग तिनं मूठभर तांदूळ गिचका होईपर्यंत शिजवला, घोटला. इंद्रायणी भात आधीच चिकट. त्याची खळ एकदा भिंतीला लागली की नखानं निघत नाही, भिंतीचा रंग निघतो.

पहिली पट्टी देवळात लावली. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. दीर आले.

"वहिनी, छापील पत्रिकेवर चिकटवाचिकटवी करत्यात काय? शोभत न्हाई."

"शोभत न्हाई त्ये झाकतीया, भावजी."

"मी फाडीन."

"फाडा. माज्याकडं प्रिंटर हाय. तुमी एक फाडा, मी धा छापीन. आन आबांस्नी बी सांगीन कुनी फाडली त्ये."

आबा पारावर ऊन खात बसले होते. काठीनं जमिनीवर दोनदा ठोकलं आणि जाऊला म्हणाले, "वाईच खाली दाब गं पोरी. वरचा कोपरा उचाकलाय." दीर मंदिराच्या मागच्या बाजूनं निघून गेले.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही दोघी फिरलो. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात पट्ट्यांची पिशवी. कामशेतचं पिठाचं दुकान, स्टेशनची भिंत, सोमाटण्याचा फाटा. सोमाटण्याला एका पानवाल्यानं विचारलं, "मावशी, निवडणुकीला उभ्या हाय का?" जाऊ म्हणाली, "उभीच हाय की. चौदा वर्षं."

पुतण्या सुटीला आला तेव्हा त्याला सगळं दाखवलं. त्यानं ती ओळ स्वतः वाचून बघितली. म्हणाला, "काकी, घड्याळाचं मला सुचायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "तुला सुचलं असतं रं, पर तू तर काडायलाच निगालावतास. काडायला निगालेल्या मानसाला दुरुस्ती सुचत न्हाई." जाताना हळूच विचारलं त्यानं, "तो सरांचा पेनड्राइव्ह आहे का अजून?" दिला. बी मागितलं की द्यायचं असतं.

इंदुरी मुद्दाम शेवटी ठेवली होती. चौकात पत्रिका होती, उन्हानं जराशी फिकी पडलेली. मी डबा उघडला, तर जाऊ म्हणाली, "आण हिकडं. ही मी लावती." तिनं दोन बोटांनी खळ फासली, पट्टी धरली, तिरकी तर नाही ना म्हणून एक पाऊल मागं जाऊन बघितली आणि तळहातानं मधून कडेला दाबत गेली, परातीत भाकरी थापावी तशी. तेवढ्यात तिचा भाऊ घरातून आला, हात टॉवेलला पुसत.

"आगं, आक्काबाईबी आल्यात? आन हे काय लावतीयास भिंतीला? कुनाचं नाव?"

तिनं हात काढला नाही. खळ वाळायची होती.

"वाच की," ती म्हणाली.